मूळ प्रत हरवली तर? बाखचे चेलो सूट आणि नकलेवरचा भरवसा

मागच्या पावसाळ्यात आमच्या लॅबमधल्या जुन्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क गेली. तिच्यावर माझ्या एका सीनियरच्या दोन वर्षांच्या रीडिंग्जच्या मूळ फाइल्स होत्या. तो पीएच.डी. संपवून केव्हाच परदेशी गेला होता आणि बॅकअप कुणीच घेतला नव्हता. (हो, बॅकअप घ्या. मी पण आता घेते.) शिल्लक राहिली ती एक एक्सेल शीट. त्या वर्षी प्रोजेक्टला असलेल्या एमएस्सीच्या एका विद्यार्थिनीने रीडिंग्ज बघून बघून हाताने टाइप केलेली. माझ्या थीसिसचा तिसरा चॅप्टर नेमका त्या रीडिंग्जवर उभा होता. मॅडमनी शांतपणे एकच प्रश्न विचारला, "या शीटवर किती विश्वास ठेवायचा, आणि का?"

मला काही उत्तर देता आलं नाही. "ती मुलगी सिन्सिअर होती" हे उत्तर व्हायव्हामध्ये चालत नाही.

त्या दिवसांत रात्री लिहिताना मी योहान सेबास्टियन बाखचे चेलो सूट लावत असे. ऐकता ऐकता त्यांच्याबद्दल वाचायला लागले आणि लक्षात आलं, की मॅडमचा प्रश्न या संगीताच्या अभ्यासकांना कितीतरी आधीपासून छळतोय. इथेही मूळ प्रत नाही. आहे ती नक्कल, आणि तीही घरातल्याच एका व्यक्तीने केलेली. त्यांनी हा प्रश्न कसा सोडवला, कुठे सोडवता आला नाही, आणि वाजवणाऱ्यांनी त्याचं काय केलं, यावर आजची पोस्ट. संगीत येत नसलं तरी वाचा. मलाही शाळेतल्या हार्मोनियमच्या क्लासपलीकडे काही येत नाही.

आधी थोडी ओळख

बाखचा जन्म १६८५ चा, जर्मनीतल्या आयझेनाखचा. दहा वर्षांचा होईपर्यंत आई-वडील दोघंही गेले, पुढे तो थोरल्या भावाकडे वाढला. आयुष्यभर नोकरी केली, कधी चर्चमध्ये, कधी दरबारात. १७१७ मध्ये वायमारची नोकरी सोडू द्या म्हणून हट्ट धरला, तर ड्यूकने त्याला जवळजवळ महिनाभर तुरुंगात ठेवलं! तिथून सुटून तो क्योथेनच्या राजपुत्र लिओपोल्डकडे गेला. हा राजपुत्र स्वतः वाद्य वाजवणारा. शिवाय दरबार कॅल्व्हिन पंथाचा, म्हणजे चर्चमध्ये थाटामाटाचं संगीत नको. त्यामुळे १७१७ ते १७२३ या काळात बाखने बरंचसं वाद्यसंगीत लिहिलं. चेलोचे सहा सूट साधारण याच काळातले मानले जातात. १७२३ मध्ये तो लाइपझिगला गेला आणि १७५० मध्ये तिथेच वारला.

सूट म्हणजे वेगवेगळ्या नृत्यप्रकारांवर बेतलेल्या रचनांची माळ. सुरुवातीला प्रिल्यूड, मग आलमांद, कूरांत, साराबांद वगैरे, शेवटी जीग. एका सूटमध्ये सहा भाग, म्हणजे एकूण छत्तीस. साथीला कुणी नाही, फक्त एक चेलो. चेलोवर एका वेळी बहुतेक एकच स्वर वाजतो. तरीही ऐकताना दोन-तीन आवाज आपापसात बोलतायत असं वाटतं, कारण बाख खालच्या पट्टीतून वरच्या पट्टीत उड्या मारत जातो आणि मधले न वाजलेले स्वर आपला कान भरून काढतो. मला यातली हीच गोष्ट सर्वात जास्त आवडते.

हातात काय आहे?

बाखच्या स्वतःच्या हातची या सूट्सची प्रत सापडलेली नाही. अठराव्या शतकातल्या चार हस्तलिखित नकला आहेत.

पहिली बाखच्या दुसऱ्या बायकोची, आना माग्दालेनाची. क्योथेनच्या दरबारात ती पगारी गायिका होती, १७२१ मध्ये दोघांचं लग्न झालं. तिची नक्कल साधारण १७२७ ते १७३१ च्या दरम्यानची. दुसरी नक्कल योहान पेटर केल्नर या ऑर्गनवादकाची, साधारण १७२६ ची. केल्नर घाईत असावा. पाचव्या सूटचा साराबांद त्याने गाळलाच, जीगही अर्धवट सोडला. तिसरी आणि चौथी नक्कल शतकाच्या उत्तरार्धातली, लिहिणारे अज्ञात.

आता इथे रिसर्चवाल्यांसाठी पहिला धडा. चार नकला म्हणजे चार साक्षीदार, असं आपण पटकन म्हणतो. पण तिसरी आणि चौथी नक्कल एकमेकींशी इतकी जुळते, की दोन्ही एकाच हरवलेल्या प्रतीवरून आल्या असाव्यात असं अभ्यासक मानतात. म्हणजे त्यांचं एकमत हा पुरावा दुप्पट करत नाही. एकाच बीकरमधून दोनदा सॅंपल घेतलं तर एन बरोबर दोन होत नाही, तसंच हे.

दुसरा छोटा धडा केल्नरच्या नकलेत आहे. ती १७२६ च्या सुमाराची, म्हणजे सूट त्याआधी लिहिले गेले होते एवढं पक्कं. ती कधी लिहिले ते सांगत नाही, कधीच्या आत लिहिले ते सांगते. अर्धवट, घाईघाईच्या नकलेचाही असा उपयोग होतो.

भांडण कशावरून आहे?

स्वरांवरून फारसं नाही. काही मोजक्या ठिकाणी नकला वेगळे स्वर देतात, त्यावर वाद आहेत, पण छत्तीस भागांच्या मानाने ते थोडे. खरं भांडण स्लरवरून आहे.

स्लर म्हणजे स्वरांवर काढलेली कमान. भातखंडे लिपीत मींड दाखवायला स्वरांवर कमान काढतात, दिसायला तशीच, पण अर्थ वेगळा. चेलोत तिचा अर्थ असा, की कमानीखालचे सगळे स्वर गजाच्या एकाच ओढीत वाजवायचे. कमान संपली की गजाची दिशा बदलते आणि नव्या स्वरावर बारीकसा जोर येतो. म्हणजे स्लर बदलला की शब्द कुठे तुटतो तेच बदलतं. "तो येणार नाही, गेला" आणि "तो येणार, नाही गेला" यात अक्षरं तीच आहेत. सलग सोळाव्या भागाचे स्वर धावत असतात तेव्हा ऐकणाऱ्याला त्यातला आकार कळतो तो बराचसा स्लरमुळे.

आणि चार नकलांमधले स्लर एकमेकांशी जुळत नाहीत. आना माग्दालेनाच्या नकलेत तर एकाच पानावर, एकच आकृती दोनदा आली, तर दोन्हीवर कमानी वेगळ्या. काही कमानी कुठून सुरू होतात आणि कुठे संपतात तेच कळत नाही. तिला तसंच म्हणायचं होतं, की हात घसरला?

नक्कल करणारीचं कॅलिब्रेशन

इथे अभ्यासकांनी जे केलं ते वाचून मी खुर्चीत सरळ बसले.

बाखच्या एकट्या व्हायोलिनसाठीही सहा रचना आहेत. त्यांची बाखच्या स्वतःच्या अक्षरातली, १७२० साल घातलेली सुवाच्य प्रत आज उपलब्ध आहे. तिच्या मुखपृष्ठावर "पहिलं पुस्तक" अशा अर्थाचे शब्द आहेत, आणि चेलो सूट म्हणजे दुसरं पुस्तक असावं असा तर्क त्यावरूनच करतात. आता मजा बघा. आना माग्दालेनाने व्हायोलिनच्या या रचनांचीही नक्कल केली होती. श्वानबेर्ग नावाच्या दरबारी वादकासाठी, चेलोच्या नकलेबरोबरच. पहिला भाग व्हायोलिन, दुसरा भाग चेलो.

म्हणजे तोच हात, तोच काळ, तेच गिऱ्हाईक, त्याच प्रकारचं संगीत. एका ठिकाणी मूळ आणि नक्कल दोन्ही आहेत, दुसऱ्या ठिकाणी फक्त नक्कल. जिथे दोन्ही आहेत तिथे ताडून बघा, की ही बाई नक्कल करताना काय बरोबर उतरवते आणि कशात चुकते. मग तो अंदाज चेलोच्या नकलेला लावा. आपण स्टँडर्ड सोल्यूशनवर इन्स्ट्रुमेंट तपासतो आणि मग अननोन मोजतो, अगदी तेच.

निकाल काय? स्वरांच्या बाबतीत ती अतिशय विश्वासू. चुका आहेत, पण थोड्या. स्लरच्या बाबतीत मात्र ढिली. बाखने नेमक्या काढलेल्या कमानी तिच्याकडे आखूड होतात, बाजूला सरकतात, कधी गळतात. म्हणजे एकाच कागदाला दोन वेगवेगळे भरवसे द्यावे लागतात: स्वरांना जास्त, स्लरना कमी. "ही नक्कल विश्वासार्ह आहे का?" हा प्रश्नच चुकीचा ठरतो. कशासाठी विश्वासार्ह, असं विचारावं लागतं.

आता या पद्धतीवरही शंका घ्या, घ्यायलाच पाहिजे. व्हायोलिनची मूळ प्रत स्वच्छ, पक्की केलेली होती. चेलोची जी प्रत तिच्यासमोर होती ती तशीच होती कशावरून? ती खाडाखोडीचा कच्चा खर्डा असेल, तर स्लरचा गोंधळ तिचा नसून मुळातलाच असू शकतो. कॅलिब्रेशन एका मॅट्रिक्समध्ये केलं आणि सॅंपल दुसऱ्याच मॅट्रिक्समधलं निघालं, ही आपल्याकडची नेहमीची अडचण इथेही आहे. एक स्वतंत्र तपासणी मात्र मिळते. पाचवा सूट बाखने स्वतः ल्यूट या वाद्यासाठी पुन्हा लिहिला आणि ती प्रत त्याच्या अक्षरात शिल्लक आहे. पण ते रूपांतर आहे. वाद्य वेगळं, पट्टी वेगळी, काही स्वर नव्याने घातलेले. स्वरांना आधार मिळतो, गजाला नाही, कारण ल्यूट हे छेडून वाजवायचं वाद्य आहे.

मग वाजवायचं कसं?

इथे पुरावा संपतो आणि वादकाचं काम सुरू होतं. मी तीन वादकांबद्दल लिहिते. तिघांनी तीन वेगळे मार्ग घेतलेत.

पाब्लो कासाल्स. १८९० मध्ये, तेरा वर्षांचा असताना, बार्सेलोनातल्या एका दुकानात त्याला या सूट्सची छापील प्रत मिळाली आणि त्याने ते जगासमोर आणले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. पण "हरवलेलं संगीत सापडलं" हे खरं नाही. १८२४ मध्ये ते पॅरिसमध्ये छापले गेले होते आणि नंतरही आवृत्त्या निघत होत्या. शूमानने तर त्यांना पियानोची साथ लिहिली. सूट हरवले नव्हते, लोक त्यांना सरावाचे धडे समजत होते. कासाल्सने ते मैफलीत पूर्ण वाजवले, हे त्याचं श्रेय, आणि ते पुरेसं मोठं आहे. त्याचं १९३६ ते १९३९ मधलं ध्वनिमुद्रण आजही मिळतं. आवाज जुना, खरखरीत. पण प्रत्येक ओळ कुठेतरी निघालीय असं वाटतं. स्रोतांशी त्याचं फारसं देणंघेणं नाही. त्याला मिळालेली प्रत ग्रुट्झमाखर या संपादकाने भरपूर हात फिरवलेली होती. माझी तक्रार एवढीच, की साराबांद ऐकताना प्रवचनाला बसल्यासारखं होतं. बूरे लागलं की मात्र पाय ठेका धरतो.

आनर बिल्स्मा. हा डच वादक. १९७९ मध्ये त्याने जुन्या पद्धतीच्या चेलोवर हे सूट ध्वनिमुद्रित केले. वादन हलकं आणि बोलण्यासारखं. १९९२ मध्ये पुन्हा केले, या वेळी १७०१ च्या एका मोठ्या स्ट्रॅडिव्हेरियस चेलोवर. १९९८ मध्ये त्याने पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की आना माग्दालेनाचे स्लर चुका समजून "दुरुस्त" करू नका; ते वेडेवाकडे दिसतात, पण तसेच वाजवून बघा.

पद्धत म्हणून मला हे पटत नाही. व्हायोलिनची तुलना समोर असताना तिच्या प्रत्येक कमानीला हेतू चिकटवणं म्हणजे नॉइजला सिग्नल म्हणणं. पण बिल्स्माचं वादन ऐका. एकच आकृती दुसऱ्यांदा येते तेव्हा ती पहिल्यासारखी वाजत नाही आणि कंटाळवाणी होऊ शकणारी ओळ जिवंत होते. हे ऐकल्यावर मला एक कबूल करावं लागलं. त्याच्या विरुद्ध टोकाला असलेले संपादक, ज्यांनी सगळ्या कमानी एकसारख्या करून टाकल्या, तेही तितकंच गृहीत धरतात. बाखला सगळं एकसारखं हवं होतं, हे कुठल्या नकलेत लिहिलंय? गोंधळलेला डेटा स्मूथ करून सरळ रेषा काढली म्हणजे आपण तटस्थ राहिलो, असं होत नाही. बिल्स्माचा युक्तिवाद कच्चा असेल, पण त्याने दाखवलेला प्रश्न पक्का आहे.

यो-यो मा. याने हे सूट तीनदा ध्वनिमुद्रित केले. पहिलं ध्वनिमुद्रण १९८३ मध्ये आलं, शेवटचं २०१८ मध्ये. त्यानंतर सहा खंडांत छत्तीस ठिकाणी त्याने सगळे सूट एका बैठकीत वाजवले, त्यात मुंबईही होती. १९८३ चं वादन मला जास्त गुळगुळीत वाटतं. सगळं सुंदर, कुठे खडा लागत नाही. २०१८ चं सैल आहे. पहिला प्रिल्यूड तर एखादा जुना ओळखीचा माणूस घाई न करता बोलावा तसा. तिन्ही एकापाठोपाठ ऐका. वाजवणारा तोच, कागद तेच, आणि उत्तरं तीन. "हाच खरा बाख" असा दावा करायला यात जागाच उरत नाही, आणि मला हे तिन्ही ध्वनिमुद्रणांतल्या कुठल्याही एकापेक्षा महत्त्वाचं वाटतं.

एक ठिकाण मुद्दाम ऐका. दुसऱ्या सूटच्या प्रिल्यूडच्या शेवटी पाच लांब कॉर्ड आहेत, बाकी काही नाही. काही वादक ते तसेच, थांबत थांबत वाजवतात. काही जण म्हणतात, ही लघुलिपी आहे, वादकाने त्यातून स्वरांच्या ओळी फुलवाव्यात. कागद दोघांना अडवत नाही. मला थांबत थांबत वाजवलेले आवडतात, पण ही माझी आवड आहे, पुरावा नाही.

"बायकोनेच लिहिले" हा सिद्धांत

हा विषय निघाला की कुणीतरी हे विचारतंच. ऑस्ट्रेलियातले संगीतज्ञ मार्टिन जार्व्हिस यांनी असा दावा केला, की चेलो सूट आना माग्दालेनानेच रचले. २०१४ मध्ये त्यावर माहितीपटही आला. बाखच्या बहुतेक अभ्यासकांनी तो दावा नाकारला.

दाव्यात एक मुद्दा श्वानबेर्गच्या त्या नकलांच्या मुखपृष्ठाचा आहे. तिथे फ्रेंचमध्ये "बाखबाईंनी लिहिलेलं" अशा अर्थाचे शब्द आहेत. पण त्याच मुखपृष्ठांवर रचनाकार म्हणून बाखचं नाव "रचलेलं" या वेगळ्या शब्दाने दिलंय. लिहिणं आणि रचणं यांत त्या माणसाने फरक केला होता. आपल्याला हवा तो शब्द उचलायचा आणि शेजारचा सोडायचा, हे लिटरेचर रिव्ह्यूमध्ये आपणही करतो, म्हणून सावध.

मला यात खटकतं ते आणखी वेगळं. या बाईला मोठं करायचं म्हणून तिला रचनाकार ठरवायचं, याचा अर्थ नक्कल करणं हे काम मुळात क्षुल्लक आहे असं आपण मानतो. ती स्वतः कमावणारी गायिका होती. तेरा बाळंतपणं, त्यातली सात मुलं लहानपणीच गेलेली, आणि त्या सगळ्या वर्षांत तिने नवऱ्याचं संगीत पानंच्या पानं उतरवलं. १७६० मध्ये ती वारली तेव्हा दानधर्मावर जगत होती. तिची नक्कल नसती, तर आपल्यापाशी केल्नरची अर्धवट प्रत आणि दोन उशिराच्या नकला एवढंच उरलं असतं. हे श्रेय तिला देण्यासाठी कुठलाही सिद्धांत लागत नाही.

माझ्या शीटचं काय झालं?

मी तेच केलं. त्याच विद्यार्थिनीने टाइप केलेली दुसऱ्या एका अॅडसॉर्बंटची शीट होती, आणि त्याची मूळ वही सीनियरच्या कपाटात सापडली. दोन संध्याकाळी बसून ओळीला ओळ ताडली. कॉन्सन्ट्रेशनचे आकडे जवळजवळ सगळे बरोबर होते. शेऱ्यांचा कॉलम मात्र ढिला होता. कुठला फिल्टर वापरला, किती वेळ ढवळलं, हे काही ठिकाणी एक ओळ खाली सरकलेलं, काही ठिकाणी कोरं.

मग हरवलेल्या सेटच्या शीटमधले आकडे ठेवले. ढवळण्याच्या वेळेवर आधारलेला ग्राफ काढून टाकला. तो माझा आवडता ग्राफ होता, सेमिनारमध्ये सगळ्यांना आवडलेला. मॅडम म्हणाल्या, "का काढला ते दोन परिच्छेदांत लिही, तो चॅप्टरचाच भाग आहे." लिहिलं. वहीची तुलना परिशिष्टात दिली, आणि वही स्वच्छ होती म्हणून मशीनच्या फाइल्सवरून केलेली नक्कलही तितकीच चांगली असेल हे गृहीतक आहे, असंही लिहिलं.

तुमच्याकडेही अशी एखादी शीट असेल, कुणी तरी कुणासाठी तरी टाइप केलेली. ती वापरण्याआधी त्याच हाताची दुसरी, मूळ सोबत असलेली शीट शोधा. नसेल तर तसं लिहा. आणि आभाराच्या पानावर टाइप करणाऱ्याचं नाव घाला. श्वानबेर्गने तीनशे वर्षांपूर्वी मुखपृष्ठावर बाखबाईंचं नाव घातलं, म्हणून हाताची ओळख पटवताना एक धागा मिळाला. मी त्या विद्यार्थिनीला फोन करून तिच्या नावाचं स्पेलिंग विचारलं, तेव्हा तिला आधी वाटलं, की शीटमध्ये तिची काहीतरी चूक सापडलीय.